दुपारी काही नाही

आमच्या इजिप्तच्या सहलीचा तक्ता मी अजून जपून ठेवला आहे. सात दिवसांचे सात रकाने आहेत आणि त्यातल्या पाच रकान्यांत मधोमध एकच वाक्य आहे: "दुपारी काही नाही." एवढे पैसे घालून परदेशी जायचं आणि दुपारभर काही करायचं नाही, हे पहिल्यांदा लिहिताना माझा हात अडखळला होता. पहिल्या तक्त्यात हे वाक्य नव्हतंच. त्या तक्त्यात पाच शहरं होती.

इजिप्त ठरलं ते आईमुळे. तिने एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. 'इजिप्त ही नाईलची देणगी आहे' हे वाक्य तिने किती वर्गांच्या फळ्यांवर लिहिलं असेल याची गणती नाही. स्वतः मात्र देशाबाहेर कधी गेली नव्हती. सदुसष्टाव्या वर्षी तिचा पहिला पासपोर्ट आला. माझा चार वर्षांपूर्वीच काढलेला होता, पण तोही कोराच. म्हणजे दोघीही नवख्या, बरोबर तिसरं कुणी नाही, आणि मला ऑफिसातून रजा मिळत होती ती फक्त २०२५च्या मे महिन्यात.

मे महिना म्हटल्यावर ज्याला त्याला सांगितलं त्याने कपाळाला हात लावला. इजिप्तला जायचं ते ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलपासून वाळवंटातून 'खमसीन' नावाचा गरम, धुळीचा वारा सुटतो. अरबीत खमसीन म्हणजे पन्नास, कारण वसंतातल्या पन्नासेक दिवसांत तो अधूनमधून येत राहतो. मे संपेपर्यंत वाऱ्याचा जोर ओसरतो, पण तोवर लक्झरचा पारा रोज चाळिशीला टेकायला लागलेला असतो. आम्ही दोघींनी हे सगळं ऐकलं आणि हसलो. आपल्याला काय ऊन नवीन आहे? थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेले सल्ले आम्ही रात्री जेवताना मोठ्याने वाचायचो. हॉर्नचा आवाज फार आहे म्हणे. रस्ता ओलांडायला भीती वाटते म्हणे. दुकानदार हात धरून आत ओढतात, घासाघीस करावी लागते. आई म्हणायची, "अगं, हे तर आपल्या एसटी स्टँडचं वर्णन झालं."

या भरात पहिला तक्ता तयार झाला. पहिल्या दिवशी कैरो, दुसऱ्या दिवशी गीझाचे पिरॅमिड आणि त्याच दिवशी सक्कारा, तिसऱ्या दिवशी अलेक्झांड्रिया करून परत, चौथ्या दिवशी विमानाने आस्वान, पाचव्या दिवशी अबू सिंबेल, सहाव्या दिवशी लक्झर, सातव्या दिवशी परत कैरो आणि रात्री विमान. गरम हवेच्या फुग्यातून लक्झरवर फिरण्याची कल्पनाही मी मांडली होती. ती आईने एका वाक्यात निकालात काढली: "गरम हवा खाली पुरेशी आहे."

हा तक्ता मोडला तो आईच्या डॉक्टरांच्या टेबलावर. गेलो होतो तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या जास्तीच्या लिहून घ्यायला. डॉक्टरांनी महिना विचारला, शहरं विचारली. मी म्हटलं, आम्हाला उन्हाची सवय आहे. त्यांनी आईकडे बघून विचारलं, "मे महिन्यात दुपारी बारा ते चार तुम्ही कुठे असता?"

आई म्हणाली, "घरात. पडदे ओढून, पंख्याखाली."

"आणि बाहेर पडावंच लागलं तर?"

"रिक्षाने. डोक्यावर पदर घेऊन."

ते काही बोलले नाहीत. बोलण्याची गरजच नव्हती. आमची सवय उन्हाची नव्हतीच, ऊन चुकवण्याची होती. कुठल्या बाजूच्या फुटपाथला किती वाजता सावली येते, पाणी कुठे मिळतं, मधेच थकलो तर कुणाच्या ओट्यावर टेकता येतं, हे सगळं घरच्या गावात आपोआप माहीत असतं. परक्या देशात नेमकं तेच माहीत नसतं. शरीराला नव्या उन्हाशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात, असं त्यांनी सांगितलं. आमची सगळी सहलच सात दिवसांची. शिवाय आईच्या दोन गोळ्यांपैकी एक शरीरातलं पाणी बाहेर काढणारी. तिचं काय करायचं ते त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं आणि निघण्याआधी पंधरा दिवस रोज थोडं थोडं उन्हात चालायला सांगितलं, आधी वीस मिनिटं, मग वाढवत. ते आईने शाळेच्या शिस्तीने पाळलं. मी चार दिवसांत सोडून दिलं.

त्याच भेटीत दुसरी एक गोष्ट कळली, ती आधी कळली नसती तर अवघड झालं असतं. आईच्या गुडघ्यासाठीच्या वेदनाशामक गोळीत ट्रामाडोल होतं. आपल्याकडे चिठ्ठीवर मिळणारं हे औषध इजिप्तमध्ये नशेच्या पदार्थांच्या कायद्याखाली येतं आणि त्यापायी परदेशी प्रवासी तुरुंगात गेलेले आहेत. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. मी घरी येऊन औषधांच्या डब्यातली प्रत्येक पट्टी उलटी करून बारीक अक्षरातली नावं वाचत बसले. माणूस देशाचा व्हिसा वाचतो, दरपत्रक वाचतो, स्वतःच्या गोळ्यांची नावं वाचत नाही.

व्हिसाबद्दल इथे फार लिहीत नाही. नियम बदलत राहतात आणि तुमच्या पासपोर्टवर आणखी कुठले व्हिसा आहेत यावरही फरक पडतो, तेव्हा ते वकिलातीच्या अधिकृत पानावरच बघावं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी, एवढं मात्र धरून चाला.

मग मी नवा तक्ता मांडला आणि त्यात दोन रकाने वाढवले. एकात त्या गावाचं दुपारचं सरासरी तापमान, दुसऱ्यात गाडी, रेल्वे आणि विमानतळ मिळून बसण्याचे तास. पहिल्या तक्त्याची बेरीज पस्तीस तास आली. सात दिवसांत पस्तीस तास नुसतं बसणं! अलेक्झांड्रिया मी विचार न करता खोडलं. सक्कारा गेलं. आस्वान खोडायला आईने मान डोलावली, पण अबू सिंबेलला तिने माझा हात धरला.

अबू सिंबेल ही तिची खास गोष्ट. आस्वानचं मोठं धरण बांधलं तेव्हा राजा रामसेस दुसऱ्याचं हे डोंगरात कोरलेलं देऊळ पाण्याखाली जाणार होतं. १९६४ ते १९६८ या काळात त्याचे तुकडे कापून ते पासष्ट मीटर उंचावर, दोनशेएक मीटर मागे पुन्हा उभं केलं. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमाराला, उगवत्या सूर्याचा किरण थेट गाभाऱ्यात जातो. ती हे वर्गात हातवारे करून सांगायची. आस्वानहून तिथे जायला रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास, वाळवंटातून साडेतीन तास, आणि तेवढेच परत. पहाटे चारला निघायचं.

"अख्खं देऊळ उचलून वर नेता येतं," आई म्हणाली, "आणि मला साडेतीन तास गाडीत बसवता येत नाही?"

दोन दिवस आमचं यावर बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच पेन्सिलने त्या ओळीवर रेघ मारली. खोडरबराने पुसलं नाही, फक्त रेघ मारली.

उरलं कैरो आणि लक्झर. दोनच गावं. आता दिवस कापायचे. सकाळी उघडल्या उघडल्या एक जागा, साडेदहाच्या आत परत, दुपारी काही नाही, संध्याकाळी एखादी हलकी गोष्ट. दुपारी परत यायचं तर खोली जवळ हवी, त्यामुळे हॉटेल निवडण्याची सगळी गणितं बदलली. नदीचं दृश्य, न्याहारी, गच्चीवरचा तलाव हे सगळं मागे पडलं. मी तीनच गोष्टी विचारायचे: एसी खोलीतच आहे का, लिफ्ट चालू असते का, आणि दुपारी साफसफाईला खोली मागणार नाही ना. तिसऱ्या प्रश्नाला एका ठिकाणाहून नुसतं हसरं तोंड उत्तर म्हणून आलं. तिथे आम्ही गेलो नाही.

लक्झरमध्ये नाईलचे दोन काठ, पूर्वेला वस्ती आणि कर्नाक व लक्झरची देवळं, पश्चिमेला थडगी. पश्चिम काठ शांत आणि स्वस्त. आम्ही पूर्व काठ घेतला, कारण लक्झरचं देऊळ रात्रीही उघडं असतं आणि तिथून चालत खोलीवर येता येतं.

संग्रहालयांनी मात्र डोकं खाल्लं. कैरोत तीन मोठी. तहरीर चौकातलं गुलाबी इमारतीतलं जुनं संग्रहालय १९०२ पासूनचं. गीझाजवळचं नवं भव्य संग्रहालय मे २०२५ मध्ये अर्धंच उघडलेलं होतं. राजा तूतनखामुनची दालनं सुरू व्हायची होती, ती त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली. आणि राजघराण्यातल्या २२ ममी तर २०२१ च्या एप्रिलमध्ये मिरवणूक काढून फुस्तातच्या तिसऱ्याच संग्रहालयात नेलेल्या. म्हणजे तूतनखामुनचा सोन्याचा मुखवटा तेव्हा तहरीरला, बाकीचे राजे-राण्या दुसरीकडे. आईचं म्हणणं सरळ होतं, "मुखवटा जिथे आहे तिथे जायचं. मढी बघायला मला कैरोपर्यंत जायला नको." तहरीर ठरलं, आणि वातानुकूलित आहे म्हणून नवं संग्रहालयही ठरलं.

पैशांबाबत जुन्या प्रवासवर्णनांवर अजिबात विसंबू नये. इजिप्तचा पौंड, ज्याला तिथे गिनी म्हणतात, २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला सोळाच्या आत होता. मार्च २०२४ मध्ये त्याची घसरगुंडी झाली आणि आम्ही गेलो तेव्हा डॉलरला पन्नासच्या आसपास. म्हणजे एक गिनी साधारण पावणेदोन रुपयांची. तीन वर्षांपूर्वी कुणी टॅक्सीला काय दिलं याला काही अर्थ उरलेला नव्हता. दुसरी गंमत अशी की सरकारी ठिकाणांची तिकिटं बहुतेक सगळीकडे कार्डानेच घ्यावी लागतात आणि खिडकीच्या बाहेर पडलं की सगळा कारभार सुट्या नोटांचा. गीझाच्या खिडकीवर माझं कार्ड चाललं नाही. ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करायचे राहिले होते आणि ते चालू करायला जो ओटीपी लागतो तो येणार होता घरी ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या सिमवर. मागे रांग. आईने तिचं पेन्शनचं कार्ड पुढे केलं. तिने बँकेत स्वतः जाऊन अर्ज भरून ते चालू करून घेतलं होतं.

तयारीत आईचा असा एक भाग होता ज्याला मी आधी टाइमपास समजले होते. तिने अरबी आकडे शिकून घेतले. इजिप्तमध्ये गाड्यांच्या पाट्यांवर आणि दुकानातल्या भावांवर आपल्या ओळखीचे इंग्रजी आकडे नसतात. शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि जे आपल्याला शून्यासारखं दिसतं ते पाच! सहा दिसतो इंग्रजी सातासारखा, सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही उलटा. चार म्हणजे आरशातला इंग्रजी तीन. अरबीत या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात, हे वाचल्यावर तर ती हट्टालाच पेटली. आपलेच आहेत, आपल्याला यायला नकोत? फ्रिजवर कागद चिकटवला, दुधाचा हिशेब महिनाभर त्या आकड्यांत लिहिला. कैरोत ॲपवर टॅक्सी बोलावली की गाडीचा नंबर बघून दार उघडायचं काम तिचं. माझ्यापुढे नुसत्या रेघा आणि ठिपके असत.

शब्दांचंही तसंच. 'खलास' तिथे दिवसातून पन्नासदा कानावर पडतं, आणि अर्थ आपलाच: झालं, संपलं, पुरे. 'बस' तेच. हॉटेलात बिल मागायचं तर 'हिसाब'. 'दुकान' म्हणजे दुकान. फक्त 'मालेश' म्हणजे मालिश नव्हे. 'असू दे, जाऊ दे' असा त्याचा अर्थ, हे कळेपर्यंत टॅक्सीवाला आईला परत परत मालिश का विचारतोय हे कोडंच होतं. सर्वांत उपयोगी शब्द 'ला, शुक्रन', म्हणजे नको, आभारी आहे. तो न थांबता आणि नजर न देता म्हणायचा. थांबून म्हटलात की संपलं.

आणि 'बक्षीस'. आपल्याकडे ते शर्यतीत पहिलं आल्यावर मिळतं. तिथे ते दार उघडल्याबद्दल, टॉयलेटमध्ये कागदाचे दोन तुकडे हातावर ठेवल्याबद्दल, आपण आधीच बघत असलेल्या चित्राकडे बोट दाखवल्याबद्दल द्यावं लागतं. तयारी करताना मी याला फसवणूक म्हणून चिडून बसले होते. मग तक्त्यात 'बक्षीस' अशी वेगळी ओळ टाकली, रोजच्या शंभर-दीडशे गिनी, पाच-दहा-वीसच्या नोटांत, वेगळ्या बटव्यात. बटवा रिकामा झाला की त्या दिवसाचं औदार्य संपलं. ओळ टाकल्यापासून चिडचिड गेली. मोठ्या नोटा मोडून घ्यायची संधी मात्र कधी सोडायची नाही.

सामानात जे उपयोगी पडलं ते सगळं घरातलंच. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे. आईने साडीचा हट्ट थडग्यांतल्या उतरत्या लाकडी वाटांची छायाचित्रं बघून सोडला आणि पंजाबी ड्रेस शिवले. काळी मोठी छत्री. एक सुती पंचा, ओला करून मानेवर टाकायला. लक्झरची हवा इतकी कोरडी की तो पाहता पाहता वाळतो, पण तेवढ्यात मान गार करून जातो. ओआरएसची पाकिटं. कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, आला तसा उडून जातो. संध्याकाळी कुडत्यावर मिठाचे पांढरे नकाशे दिसले तेव्हा कळलं किती गेला होता.

मुंबईहून कैरो विमानाने सहा तास. पहिल्या दिवसाच्या रकान्यात मी फक्त 'पोचणे' लिहिलं होतं आणि तेच शहाणपणाचं ठरलं. विमानतळाबाहेरच्या पहिल्या दहा मिनिटांत चार जणांनी बॅगेला हात घातला, तिघांनी टॅक्सी देऊ केली आणि एकाने नुसतं "इंडिया! अमिताभ बच्चन!" म्हणून सलाम ठोकला. हे पुढचे सात दिवस चालू राहिलं. गर्दी, आवाज, धूळ सगळं ओळखीचं होतं. तरीही दमायला झालं, कारण घरी यातलं नव्वद टक्के कानाआड करता येतं. इथे कुठला आवाज आपल्यासाठी आहे आणि कुठला नाही हेच कळत नव्हतं, म्हणून सगळेच ऐकावे लागत होते. खोलीवर पोचून आई बूट न काढता झोपली.

गीझाला दुसऱ्या दिवशी दारं उघडताच होतो. मोठा पिरॅमिड मुळात १४६ मीटरचा, वरचं टोक झिजून आज १३८ च्या आसपास. आईने पायथ्याच्या एका दगडाला पाठ लावून उंची मोजली. दगड तिच्या खांद्याच्या वर होता. साडेदहाला आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा पर्यटकांच्या मोठ्या बसेस आत येत होत्या. त्या दिवशी मला माझ्या तक्त्याचा फार अभिमान वाटला.

तो दोनच दिवस टिकला.

लक्झरला जायला विमान घेतलं होतं, तासाभराचं. रेल्वेने दहा तास लागतात. आईला खिडकी दिली. खाली पिवळं वाळवंट, मधून हिरवी पट्टी आणि पट्टीच्या मधून नदी. पट्टीची कड सुरीने कापल्यासारखी. एका पावलावर शेत, पुढच्या पावलावर वाळू. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी मुलांना नकाशात नुसता हिरवा रंग भरायला लावायचे."

त्याच दुपारी तक्त्यात लिहिलं होतं: 'चार वाजता कर्नाक.' चारनंतर उन्हं उतरतात हे मला लहानपणापासून ठाऊक. कर्नाक संध्याकाळी बंद होतं म्हणून त्याहून उशीर करता येणार नव्हता. चारला बाहेर पडलो तर ऊन जसंच्या तसं, डोक्यावर. मला वाटलं, आज जास्त असेल. पहिल्या मोठ्या अंगणात आई चालता चालता थांबली आणि म्हणाली, "मला जरा पांढरं पांढरं दिसतंय." तिला धरून मी खांबांच्या दालनात नेलं. ते एकशे चौतीस खांब मी पुस्तकात कितीदा पाहिले होते. त्या क्षणी मला त्यांच्यावरची एकही आकृती दिसली नाही, फक्त सावली दिसली. एका पहारेकऱ्याने लांबूनच बघितलं, स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची आणून टाकली आणि थंड पाण्याची बाटली दिली. पंचा भिजवला, ओआरएस पाजलं. अर्ध्या तासाने आईच्या चेहऱ्यावर रंग आला. मी बटवा काढला तर त्याने हात छातीवर ठेवून मान हलवली. नोट घेतलीच नाही.

चूक कुठे झाली ते रात्री कळलं. इजिप्तने २०२३ पासून उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत पुन्हा सुरू केली आहे. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारपासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत. त्यामुळे लक्झरला मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, पाऊण वाजता. मावळतो साडेसातच्या सुमाराला. म्हणजे त्यांचे दुपारचे चार हे सूर्याच्या हिशेबाने सव्वातीनच! मी वेळ घड्याळावरून लिहिली होती आणि ऊन घड्याळ बघत नव्हतं. या उलट फायदा सकाळी: सहाला सूर्य जेमतेम उगवत असतो. उरलेला तक्ता रात्री बसून सगळा सकाळकडे सरकवला. कर्नाक पुन्हा, सकाळी सहाला. संध्याकाळ सहाच्या आत सुरूच करायची नाही.

राजांच्या खोऱ्यात पुढच्या दिवशी सहालाच पोचलो. तिकीटघरापासून वर न्यायला विजेवरची छोटी गाडी असते, तिला तिथे 'तफतफ' म्हणतात. आईला हा शब्द इतका आवडला की आता आमच्याकडे रिक्षालाही तफतफच म्हणतात. साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तूतनखामुनचं, पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला १९२२ च्या नोव्हेंबरात सापडलेलं, त्याला वेगळं तिकीट. माझी ठाम समजूत होती की डोंगराच्या पोटात गार असेल. नाही. आत कोंदट आणि दमट, कारण माणसांचा श्वास आणि घाम बाहेर जायला वाट नाही. चित्रांना त्याचाच त्रास होतो, म्हणून तूतनखामुनच्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती २०१४ पासून कार्टरच्या घराजवळ ठेवलेली आहे. तीन थडगी झाल्यावर आई म्हणाली, "खलास." आम्ही तूतनखामुन सोडला. कुणाला हे पटत नाही, पण आम्हाला अजून वाईट वाटलेलं नाही.

त्याऐवजी परतीच्या वाटेवर देर अल-मदिना बघितलं, थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. दगडी जोत्यांची एकाला एक लागून घरं, माणसं कमी, बक्षीस मागणारेही कमी. या लोकांचा रामसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षाचा हजेरीपट चुनखडीच्या एका मोठ्या तुकड्यावर लिहिलेला सापडला आहे. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. कोण का आला नाही याची कारणं त्यात टिपलेली: विंचू चावला, डोळे आले, बिअर बनवत होता. आईने ही माहिती तिथेच उन्हात उभं राहून मला सांगितली आणि वर म्हणाली, "तुझ्या साहेबाला दाखव. मे महिन्यातच रजा घ्या म्हणतो."

दुपारी काही नाही. पडदे ओढून, पंख्याऐवजी एसीखाली, कोशरी खाऊन. कोशरी म्हणजे भात, मॅकरोनी, मसूर, हरभरे, वर टोमॅटोचा तिखटसर रस्सा आणि तळलेला कांदा. शाकाहारी माणसाला या देशात उपाशी राहायची भीती नाही. सकाळी फूल, म्हणजे बाकला या कडधान्याची मऊ उसळ, आणि ताअमिया, म्हणजे त्याचेच तळलेले वडे. रस्त्यावर उसाचा रसही मिळाला, बर्फाशिवाय मागितला. आलं-लिंबू नव्हतं याची तक्रार आईने माझ्याकडे मराठीत केली.

एक इच्छा राहिली. नाईलमध्ये पाय बुडवायचे होते. पण नदीच्या आणि कालव्यांच्या पाण्यात बिल्हार्झियाचे जंत असू शकतात आणि ते थेट कातडीतून शिरतात; ज्या जर्मन डॉक्टरच्या नावाने हा रोग ओळखला जातो त्या थिओडोर बिल्हार्झने तो जंत १८५१ मध्ये कैरोतच शोधला होता. आई बोटीच्या काठावरून वाकून बघत राहिली. हात मागे बांधलेले, वर्गात फिरताना असायचे तसे.

शेवटच्या दिवशी सकाळी तहरीरचं संग्रहालय. मुखवट्यासमोर आम्ही दोनदा गेलो, मधे एका बाकावर बसून. जुनी इमारत, वारा जेमतेम. साडेअकराला बाहेर पडलो. हॉटेल रस्त्याच्या पलीकडे, दोन गल्ल्या आत. रस्ता भरून वाहत होता, सिग्नल होता पण त्याला कुणी विचारत नव्हतं. कडेला एक म्हातारं जोडपं उभं होतं, टोप्या, लाल झालेले चेहरे, हातात नकाशा. आम्ही पाणी पिऊन, छत्री उघडून होईपर्यंत ते तिथेच होते. पाऊल टाकायचे, मागे घ्यायचे.

आई त्यांच्याजवळ गेली. काही न बोलता त्या बाईंचा कोपर धरला, दुसरा हात गाड्यांकडे आडवा केला, वर्ग शांत करताना करायची तसाच, आणि एका लयीत चालायला लागली. ना घाई, ना थांबणं. गाड्या त्यांच्या मागून-पुढून वळसा घालून जात राहिल्या. मी आणि ते गृहस्थ छत्रीखाली मागोमाग.

पलीकडे पोचल्यावर त्या बाईंनी पर्समध्ये हात घातला. आईने माझ्याकडे वळून विचारलं, "बक्षीस देतेय की काय ही मला?"

लिंबाची गोळी होती. आईने ती घेतली, "शुक्रन" म्हणाली, आणि गल्लीच्या सावलीकडे चालायला लागली.